देवरावभाऊंच्या कमोडातलं लाल पाणी

आमच्या भागात कमोड आला तो गुडघ्यांमुळे. हौसेनं आला, फॅशन म्हणून आला असं कोणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. बल्लारपूरला राहून मी उभी हयात नळाची कामं केली. चंद्रपूर, भद्रावती, माजरी, तिकडे गोंडपिपरी, कधी नदी ओलांडून थेट अहेरीपर्यंत गाडीला पिशवी अडकवून गेलो. जिथं जिथं कमोड बसवला, तिथं घरातल्या कोणातरी म्हाताऱ्याचे नाहीतर म्हातारीचे गुडघे गेलेले असत. कोणाचे कोळशाच्या खाणीत गेले, कोणाचे धानाच्या बांधीत रोवणी, म्हणजे भाताची लावणी, करून करून गेले. मग डॉक्टर सांगतो, आता खाली बसायचं नाही. मग पोरगा मला शोधत येतो, "मिस्त्री, तो खुर्चीवाला संडास बसवून देता का?"

सुरुवातीला सगळे त्याला खुर्चीच म्हणायचे. गोंडपिपरीला एका बाईंनी नवी वस्तू घरात आली म्हणून कमोडला हळदकुंकू वाहून नारळ फोडला. पूजा केल्यावर आता त्याच्यावर बसायचं कसं, हा प्रश्न त्यांना नंतर पडला. बिचाऱ्या कितीतरी दिवस गुडघे धरत शेजारणीकडे जात होत्या.

कमोड स्वतः कधी बिघडत नाही. चिनी मातीचं भांडं, त्याला काय धाड भरणार? दुखणं असतं ते पाठीमागच्या टाकीत. आणि टाकीचं सगळ्यात जुनं दुखणं म्हणजे पाणी आपोआप भांड्यात उतरत राहणं. बटन कोणी दाबलेलं नसतं, तरी एक बारीक धार भांड्याच्या कडेवरून चोवीस तास झिरपत असते. टाकी रिकामी होते, पुन्हा भरते, पुन्हा रिकामी होते. छतावरची टाकी उतरते, घरवाले दर थोड्या वेळानं मोटर लावतात आणि नगरपालिकेला शिव्या देतात.

याची कारणं फक्त दोन. एक तर टाकीत पाणी भरल्यावर नळ बंद करणारा फुगा वर येऊनही नळ बंद करत नाही, मग जास्तीचं पाणी मधल्या नळीतून भांड्यात सांडतं. नाहीतर टाकीच्या बुडाला जे भोक असतं, त्याच्यावर बसणारं रबर नीट बसत नाही. रबर झिजतं, कडक होतं, आणि आमच्याकडचं पाणी इतकं चुन्याचं की त्याच्यावर पांढरा थर चढतो. रबराखाली केसाएवढी फट राहिली तरी पुरते. कोणतं कारण आहे ते ओळखायला मी टाकीत कपड्याची नीळ टाकतो आणि नळ बंद करून चहा पितो. चहा संपेपर्यंत भांड्यात निळं उतरलं, तर दोष बुडाच्या रबराचा. भांडं पांढरं राहिलं, तर वरच्या फुग्याचा. एवढंच शास्त्र आहे, आणि यावर मी पोरीबाळींची लग्नं केली.

टाकीत मी काय काय पाहिलं म्हणून विचाराल तर सगळं सांगणं बरं दिसणार नाही. पाणी वाचवायचं म्हणून एकांनी टाकीत वीट ठेवली होती. वीट विरघळली, चिखल झाला, रबराखाली खडे अडकले आणि वर्षभरात वाचवलं त्याच्या दुप्पट पाणी वाहून गेलं. जंगलातल्या एका विश्रामगृहात टाकीत बेडूक राहत होता. चौकीदार म्हणाला, "राहू द्या मिस्त्री, तो इथी माझ्याहून जुना हाय." मी रबर बदललं आणि बेडकाला त्याच्या जागेवर ठेवलं.

एक गोष्ट मात्र मनात राहून गेली आहे, ती सांगून टाकतो. कमोडचं काम करणाऱ्याला कितीतरी घरांत चहा वेगळ्या कपातून मिळतो. कप खिडकीत ठेवलेला असतो, कान तुटलेला. मी हात साबणानं धुवून आलो तरी कप तोच. याचं मला अजून वाईट वाटतं. भद्रावतीच्या देवरावभाऊंच्या घरी असं कधी झालं नाही. तिथं मला घरच्याच कपात, घरच्यांसोबत बसून चहा मिळायचा. त्यांचीच गोष्ट आज सांगायची आहे.

देवरावभाऊ माजरीकडच्या खाणीतून निवृत्त झालेले. माणूस बोलका, खाणीतल्या गोष्टी रंगवून सांगणारा. गुडघे गेल्यावर त्यांच्या खोलीला लागून मीच कमोड बसवून दिला होता. तो फक्त ते आणि त्यांची बायको यशोदाबाई वापरायचे. मुलगा प्रमोद, सून वर्षा आणि नातवंडं मागच्या जुन्या संडासात जायची. घरासमोर प्रमोदचं छोटंसं किराणा दुकान.

आता खर्रा म्हणजे काय ते बाहेरच्या वाचकांना सांगायला हवं. आमच्या भागात माणसाची ओळख नावाआधी खर्र्यानं होते. सुपारी, तंबाखू आणि चुना प्लॅस्टिकच्या पन्नीत घालून पाटीवर घोटतात, घोटून घोटून एकजीव करतात आणि पन्नीला गाठ मारून देतात. खिशात खर्रा नसला की माणसाला घरी काहीतरी विसरल्यासारखं वाटतं. पुरुष खातात, बायाही खातात, फक्त बायांचं कोणी बोलत नाही. देवरावभाऊंनी खाणीत असताना इतका खर्रा खाल्ला की शेवटी तोंड दोन बोटांच्या वर उघडेना. डॉक्टरनं धमकावलं, तेव्हा कुठं सोडला.

सोडवला यशोदाबाईंनी. लहानशा चणीची बाई, पण घरात त्यांच्यापुढं कोणाचं चालायचं नाही. प्रमोदनं दुकानात सुपारी-तंबाखू ठेवणं बंद केलं ते त्यांच्याच सांगण्यावरून. त्या घरात रोज संध्याकाळी बुद्धवंदना होते. एकदा मी गिझर जोडायला गेलो तेव्हा वंदना चाललेली, म्हणून दाराशी उभा राहिलो. पाचवं शील आहे मादक पदार्थांपासून दूर राहण्याचं. यशोदाबाईंनी खर्राही त्यातच धरला होता. चार शीलं सगळ्यांनी सोबत म्हटली, पाचवं आलं तशा त्या थांबल्या आणि नवऱ्याकडे मान वळवून म्हणाल्या, "हे मोठ्यानं म्हना."

देवरावभाऊ शाळेतल्या पोरासारखे मोठ्यानं म्हणाले. वर्षा पदराआड हसली. बाहेर आल्यावर देवरावभाऊ मला म्हणाले, "मिस्त्री, खानीत सायबाचं इतकं ऐकलं असतं तर मॅनेजर झालो असतो."

तर अशा घरातून एका उन्हाळ्यात प्रमोदचा फोन आला. "मिस्त्री, टाकीतलं पानी भांड्यात गळून राह्यलं. दिवसभर मोटर लावा लागते. आजच येऊन जा, उद्या सकाळी आमी नागपूरले चाललो."

मी गेलो. उन्हं अशी की गाडीच्या सीटवर बसवेना. घरात शिरताना मला वाटलं देवरावभाऊ नेहमीसारखे ओरडतील, "या, पानीवाले." पण ते पुढच्या खोलीत खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडले होते. पायथ्याशी यशोदाबाई बसल्या होत्या, नवऱ्याच्या पायावर हात ठेवून. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली. दाराजवळ कपड्यांची बॅग भरून ठेवलेली. कूलर चालू होता, त्याचाच काय तो आवाज.

वर्षानं मला आत नेलं. संडासाच्या दाराशी थांबून हळू आवाजात म्हणाली, "भाऊ, फक्त गळनं बंद करून द्या. भांडं मी घासून ठेवलं हाये."

मी म्हटलं, "घरात काय झालं, बाई?"

तिनं मागं पाहिलं आणि मग तिला राहवलं नाही. "बाबाले रक्त जाते जी. रोज सकाळी भांड्यात लाल दिसते. पहिले त्याईनंच पाह्यलं, पन कोनाले सांगितलं नाई. मंग आईनं पाह्यलं. उद्या नागपूरच्या दवाखान्यात नेऊन राह्यलो."

"डॉक्टर काय म्हणतो?"

"इथला डॉक्टर म्हने, उशीर करू नका. बाबा तर काई बोलतच नाई. काल हातातलं घड्याळ काढून पोराच्या हातात देलं. म्हने, तू ठेव, माझी वेळ आता दुसरा कोनी पाहीन." वर्षानं डोळे पुसले. "म्हनत होते, खर्रा सोडला, पन त्यानं मले नाई सोडलं."

त्या घड्याळाविषयी मला माहीत होतं. निवृत्तीच्या वेळी सोबतच्या कामगारांनी मिळून दिलेलं. आंघोळीलाही न काढणारा माणूस तो. अशा वेळी आपल्या हातात पाना असलेला बरा, निदान हातांना काम असतं. मी आत जाऊन खाली बसलो.

भांडं खरंच लख्ख घासलेलं होतं. मी नीळ मागणार होतो, पण त्याआधी नेहमीच्या सवयीनं कडेखाली वाकून पाहिलं. डाव्या बाजूनं बारीक धार उतरत होती. धारेचा रंग लालसर होता.

मी बोटानं पुसली. पुन्हा उतरली. पुन्हा लाल.

माणूस पुढच्या खोलीत खाटेवर पडलेला आणि लाल पाणी इथं टाकीतून येतंय. पण तोंडातून मी शब्द काढला नाही. उगाच आशा लावायची आणि मग नुसता गंज निघायचा, असं नको होतं. टाकीत कुठं लोखंडाचा खिळा-स्क्रू असला तरी पाणी रंगतं. तो रंग मात्र मातकट असतो. हा तसा नव्हता. मी वर्षाला म्हटलं, "प्रमोदला दुकानातून बोलावून आण."

ती गेली तशी मी टाकीचा नळ बंद केला आणि झाकण उचललं. आत पाणी येणाऱ्या नळीला शिवणकामाचा पांढरा दोरा बांधलेला दिसला. नीट, दुहेरी गाठ. दोऱ्याचं खालचं टोक मोकळं लोंबत होतं. इतकी वर्षं टाक्या उघडल्या, पण टाकीत दोरा कोणी का बांधावा हे मला कळेना. मी बटन दाबून टाकी रिकामी केली, रबर धरून ठेवणारा मधला सांगाडा फिरवून उपसून काढला आणि बुडाच्या भोकावर हात फिरवला. हाताला मऊ काहीतरी लागलं.

पन्नी होती. अर्धी रबराखाली चेपलेली, अर्धी भोकात ओढली गेलेली आणि मधोमध फाटलेली. आत सुपारीचे फुगलेले तुकडे. त्या वेळी माझ्या स्वतःच्या शर्टाच्या खिशात तसाच एक खर्रा होता, त्यामुळे ओळखायला वेळ लागला नाही. सुपारीला चुना लागला आणि वरून पाणी मिळालं की ती कसा लाल रंग सोडते, हे आमच्याकडच्या कुठल्याही सरकारी जिन्याचे कोपरे पाहिलेल्या माणसाला सांगायला नको. पन्नी रबराखाली अडकल्यामुळे टाकी गळत होती, आणि गळणारं पाणी खर्र्यातूनच वाट काढत येत होतं. बटन दाबलं की टाकीभर पाणी एकदम यायचं, त्यात रंग पातळ होऊन जायचा. मग रात्रभर थेंब थेंब लाल साचायचं आणि सकाळी सगळ्यात आधी उठणारे देवरावभाऊ झोपेतच येऊन बसायचे आणि उठताना ते पाहायचे.

खरं सांगतो, मला रडू आलं.

प्रमोद आला. मी तळहात पुढं करून त्याला पन्नी दाखवली, भांड्याची कड दाखवली, सगळं समजावलं. तो माझ्या हातातली पन्नी घेऊन तरातरा पुढच्या खोलीत गेला. मी ओल्या हातांनी त्याच्या मागं.

"बाबा, हे काय होय?"

देवरावभाऊ कुशीवर वळले. डोळे बारीक करून पाहिलं. "खर्रा होय."

"कोनाचा?"

"मले काय मालूम?"

"घरात दुसरं कोन खाते?" प्रमोदचा आवाज चढला. घाबरलेला माणूस सुटला की आधी रागावतो, तसं त्याचं झालं. "आमी इथी चार दिवसांपासून मरून राह्यलो. दुकानात मी सुपारी ठेवत नाई, गिऱ्हाईक वापस पाठवून राह्यलो, अन तुमी टाकीत लपवून ठेवता?"

"मी नाई रे. खरंच नाई."

कोणाचाच विश्वास बसला नाही. खोटं का बोलू, माझाही बसला नाही. जन्मभर खर्रा खाल्लेल्या माणसाकडे कोण दुसऱ्या नजरेनं पाहणार? वर्षा खाली पाहू लागली. आणि देवरावभाऊंना तर अजून मूळ गोष्ट कळलीच नव्हती, ते नुसते पन्नीकडे आणि मुलाच्या तोंडाकडे पाहत होते. मी पुढं झालो. म्हटलं, "देवरावभाऊ, ऐका. ते रक्त नव्हतं. टाकीत हा खर्रा पडला होता, त्याचं पाणी भांड्यात उतरत होतं."

त्यांनी पुन्हा पन्नीकडे पाहिलं.

तेवढ्यात पायथ्याकडून आवाज आला. "त्याईले काई म्हनू नको, प्रमोद. माझा हाय तो."

यशोदाबाई उठून उभ्या राहिल्या होत्या. हातानं खाटेची कड घट्ट धरलेली.

"तुझा?" प्रमोद म्हणाला.

"माहेरी रोवनीच्या बायांनी नाद लावला होता. यायनं सोडला तवा मीबी सोडीन म्हटलं. नाई सुटला." त्या खालच्या आवाजात पण एका दमात बोलत होत्या. "घरात ठेवू कुठी? टाकीचं झाकन मिस्त्रीशिवाय कोन उचलते? म्हनून दोऱ्यानं तिथी वरतं बांधून ठेवत होती. पाच-सहा दिवसांपहिले झाकन उघडलं तर दोराच होता, खर्रा नाई. मले वाटलं यायले सापडला. यायनंच खाल्ला. अन दुसऱ्या दिवशी रक्त." इथं त्यांचा आवाज फुटला. "मंग मी कोनाले सांगू? मीच जहर आनून ठेवलं असंच वाटून राह्यलं होतं."

आणि ती बाई, जिच्यापुढं घरात कोणी तोंड उघडत नसे, खाली बसून हमसून हमसून रडायला लागली. वर्षा धावली, सासूला जवळ घेतलं. मला तेव्हा उमगलं, की त्या घरात मरणाची भीती एकट्यालाच नव्हती. देवरावभाऊंना वाटत होतं आपण चाललो. यशोदाबाईंना वाटत होतं, आपणच धाडलं. आणि दोघं रात्रंदिवस एकाच खोलीत, एकमेकांशी त्याबद्दल एक शब्द न बोलता पडून होती.

देवरावभाऊ हळूहळू उठून बसले. "मिस्त्री."

"बोला."

"म्हनजे मले रक्त नाई जात?"

"नाही, भाऊ."

"पक्कं?"

"पक्कं. सुपारीचा रंग आहे."

ते बायकोकडे वळले. मला वाटलं आता भडकतील, आणि तो त्यांचा हक्कच होता.

"काय वो," ते म्हणाले, "रोज संध्याकाळी पाचवं शील मोठ्यानं म्हना, मोठ्यानं म्हना करत होती. अन तू?"

यशोदाबाईंनी पदरानं नाक पुसलं. "मी हळू म्हनत होती."

आधी वर्षा हसली, मग प्रमोद, मग मी. देवरावभाऊ सगळ्यात शेवटी हसले आणि इतके हसले की ठसका लागला. दोन बोटं उघडणारं तोंड त्या दिवशी तीन बोटं तरी उघडलं असेल. ठसका थांबल्यावर त्यांनी मुलापुढं मनगट धरलं. "पहिले माझं घड्याळ वापस कर."

पुढं काय झालं ते इथंच सांगून टाकतो, नाहीतर राहून जाईल. नागपूरला ते गेलेच. मीच म्हटलं, निघालाच आहात तर दाखवून या, टाकी मला कळते, पोट मला कळत नाही. देवरावभाऊंचं सगळं ठीक निघालं. डॉक्टरनं यशोदाबाईंचंही तोंड तपासलं आणि त्यांना वेळेवर आलात म्हणून सांगितलं. त्यांचा खर्रा आता सुटला म्हणतात. मी पुन्हा टाकीचं झाकण उचलून पाहिलेलं नाही. माझा मात्र सुटलेला नाही. पण त्या घरी गेलो की दाराबाहेर गाडीच्या डिक्कीत ठेवून मग आत जातो.

त्या दिवशी काम अजून व्हायचं होतं. मी नवं रबर काढलं, बुडाच्या भोकाची कड लिंबानं घासून चुन्याचा थर काढला, सांगाडा बसवला, टाकी भरू दिली. पाणी थांबलं. माझ्या दृष्टीनं काम झालं होतं. यशोदाबाईंच्या दृष्टीनं झालं नव्हतं. त्या दारात उभ्या राहून म्हणाल्या, "मिस्त्री, तुमी म्हनता ते ठीक हाय. पन मले डोळ्यानं पाहू द्या."

मग मी नीळ मागितली. घरात नीळ नेहमीचीच, विहारात जाताना नेसायच्या पांढऱ्या लुगड्यांसाठी, देवरावभाऊंच्या पांढऱ्या सदऱ्यांसाठी. वर्षानं बाटली आणून दिली. मी टाकीत थेंब टाकले, पाणी गडद निळं झालं, टाकीचा नळ बंद केला आणि म्हटलं, आता चहा.

त्या चहासारखा चहा मी पुन्हा कुठं प्यायलो नाही. संडासाच्या दारासमोरच्या अरुंद बोळीत सगळं घर बसलं. देवरावभाऊंना खुर्ची आणून दिली, यशोदाबाई उंबऱ्याशी, प्रमोद दुकान तसंच उघडं टाकून भिंतीला टेकलेला. मधे मी, घरच्या कपात चहा घेऊन. सगळ्यांच्या नजरा भांड्यावर. ऑपरेशनच्या खोलीबाहेर नातेवाईक बसतात तसे बसलो होतो, फक्त इथं दार उघडं होतं. कपांतला चहा संपला. वर्षानं न विचारता पुन्हा ओतला, तोही संपला.

भांडं पांढरंच होतं. ना लाल, ना निळं.

यशोदाबाई जवळ जाऊन वाकल्या, कडेखाली बोट फिरवलं, बोट उजेडात धरून पाहिलं. कोरडं होतं. त्यांनी तेच बोट नवऱ्याला दाखवलं. देवरावभाऊंनी नुसती मान हलवली. पण त्यांच्या तोंडावर अजून पुरता उजेड आला नव्हता. टाकी बरी झाली हे त्यांना दिसलं होतं, स्वतःचं अजून दिसायचं होतं. त्यांचं मन मला कळलं. मी टाकीचा नळ उघडला आणि निळं पाणी जाईपर्यंत बटन दाबून दाबून भांडं धुतलं. हत्यारं गोळा केली आणि बाहेर आलो.

देवरावभाऊ खुर्चीच्या हातांवर जोर देऊन उठले, आत गेले आणि दार लावून घेतलं.

आता यात हसण्यासारखं पुष्कळ आहे. एक म्हातारा संडासात गेला आणि चार मोठी माणसं बाहेर श्वास रोखून उभी. पण तेव्हा आम्ही कोणी हसलो नाही. प्रमोदनं डोळे मिटले होते. यशोदाबाईंनी दारावर हात ठेवला होता, ढकलत नव्हत्या, नुसता ठेवला होता. त्यांचे ओठ हलत होते. काय म्हणत होत्या ते ऐकू आलं नाही. निघायला हवं होतं, पण माझा पाय निघेना.

बऱ्याच वेळानं आतून पाण्याचा आवाज झाला. मग देवरावभाऊंचा आवाज आला, दबका, विश्वास न बसल्यासारखा.

"काई नाई वो. पांढरं हाय."

यशोदाबाईंनी कपाळ दाराला टेकवलं. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण आवाज पुन्हा पहिल्यासारखा खणखणीत.

"मोठ्यानं म्हना," त्या म्हणाल्या.